सर्वांत शेवटी ओलांडणारा

जबलपूर स्टेशनच्या फलाटावर माझी काळी लोखंडी ट्रंक ठेवलेली होती आणि तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेले माझे नाव पुरते वाळले की नाही, हे माझा धाकटा भाऊ श्रीधर करंगळीने तपासत होता. नाव त्यानेच रंगवले होते. नावाच्या आधी चार बोटे जागा त्याने कोरी सोडली होती. "इथं रँक येईल, दादा. सुटीवर आला की मी लिहून देईन," तो म्हणाला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता, मी बावीस. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी सैन्यात अधिकारी होण्यासाठी डेहराडूनच्या अकादमीत चाललो होतो, आणि बिजली बोर्डाच्या नोकरीचे पत्र घरी देवघरात, समईच्या मागे, ठेवलेले होते.

त्या सकाळच्या दोन हकिगती आमच्या कुटुंबात प्रचलित आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. माझी थोरली बहीण कुसुमताई सांगते की वडील रागाने स्टेशनवर आलेच नाहीत. माझा पुतण्या निखिल, म्हणजे श्रीधरचा मुलगा, लिहितो की वडिलांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कुसुमताई तेव्हा सासरी बालाघाटला होती आणि निखिल जन्मलेला नव्हता, इतके सांगितले तरी पुरे. वडील आले होते. हार नव्हता, हार तसबिरींना घालतात, असे त्यांचे मत होते. त्यांनी ट्रंकेकडे पाहिले आणि विचारले, "कड्या दोन आहेत, कुलूप एकच काहून?" मग ते स्टेशनबाहेर गेले, दुसरे कुलूप घेऊन आले, लावले, आणि त्याची एक किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "ही इथं राहू दे. तू हरवशील." गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते. याला राग म्हणायचे की आशीर्वाद, हे मला पन्नास वर्षांत ठरवता आले नाही. ज्यांना न पाहता ठरवता आले, त्यांचे मला आश्चर्य वाटते.

परंतु हाराचा वाद किरकोळ आहे. श्रीधरला जाऊन या वर्षी एक वर्ष होईल. वर्षश्राद्धाला निखिल एक पुस्तिका काढतो आहे आणि तिचा मजकूर त्याने मला बंगळुरूहून तपासायला पाठवला. त्यात एक वाक्य आहे: "बाबांनाही सैन्यात अधिकारी होण्याची संधी होती, परंतु आजी-आजोबांसाठी त्यांनी ती हसत सोडली." हे वाक्य खोटे आहे. श्रीधरने संधी सोडली नाही. ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली, आणि ती कोणी काढून घेतली हे सांगू शकेल असा एकच माणूस आता जिवंत आहे. "काका, तुम्हीपण दोन पानं लिहा," असे निखिलने मला कळवले होते. ती पाने ही. जे जबलपूरला राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सर्वांनी ती वाचावीत.

आधी माझ्या जाण्याविषयी, कारण त्याबद्दलही पुष्कळ भ्रम आहेत. मी गणवेशाला भुललो, असे कुसुमताई म्हणते. पुण्यात मी आता जिथे राहतो त्या सोसायटीत प्रत्येक प्रजासत्ताक दिनी अध्यक्ष मला ध्वनिक्षेपकासमोर उभे करतात आणि सांगतात की कर्नलसाहेबांनी बालपणापासून देशासाठी प्राण द्यायचे ठरवले होते. मी असले काही ठरवले नव्हते. वडील जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात आरेखक होते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी तिथे प्रशिक्षणाला होतो. सीमेवरून मोडून आलेली, तोफ ओढणारी एक गाडी आवारात उभी होती. वडील तिच्या फुटलेल्या भागाची मापे घेऊन नवे आरेखन करीत होते. चालकाच्या बाजूचे दार आतल्या बाजूला वळलेले होते. मी विचारले, "हे मोडलं तेव्हा आत कोण होतं?" वडील पट्टी न उचलता म्हणाले, "ते ड्रॉइंगमध्ये येत नाही."

त्या उत्तराने मी घर सोडले. यंत्र जिथे आखले जाते तिथे नव्हे, तर जिथे मोडते तिथे मला असायचे होते. पुढच्या वर्षी सैन्याचे निवड पथक कॉलेजात आले तेव्हा मी नाव दिले. वडिलांचा आक्षेप एका वाक्याचा होता आणि तो ते जेवताना रोज म्हणत: "तोफा बनवायच्या आपण, चालवायच्या दुसऱ्यानं. अच्छाभला बिजली बोर्ड सोडून चालला."

पुढली तीस वर्षे मी बर्फात रुतलेली आणि वाळूत बुडालेली वाहने बाहेर ओढून काढण्यात घालवली. एकवीस घरे बदलली. दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंगचा हुकूम येई, त्याच लाकडी पेट्या पुन्हा खिळल्या जात, आणि नव्या क्वार्टरच्या भिंतीवर आधीच्या साहेबाने ठोकलेले खिळे आम्ही आमच्या तसबिरींना वापरीत असू. मेसमध्ये इंग्रजी, जवानांशी हिंदी. मराठी उरली ती आईच्या पत्रांपुरती. निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घेतला. पहिल्याच महिन्यात शेजारच्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला विचारले, "तुम्ही ते 'येऊन राहिलो' वगैरे म्हणता, ते मजेशीर वाटतं हं. नागपूरचे का?" मी त्यांना सांगितले की माझे आजोबा अमरावतीकडून जबलपूरला गेले, तेव्हापासून तीन पिढ्या हिंदीच्या वेढ्यात आम्ही ही भाषा सांभाळली आहे, सदाशिव पेठेत मराठी बोलायला शौर्य लागत नाही. ते गृहस्थ हल्ली जिन्याने जातात. त्या दिवसापासून मी लिहिताना शुद्ध लिहितो, कोणालाही बोट ठेवता येऊ नये इतके शुद्ध. पण घरी फोन लावला की श्रीधर उचले आणि म्हणे, "काय करून राहिला, दादा?" तेव्हा मी कुठे आहे हे मला कळे. गेल्या वर्षीपासून तो प्रश्न कोणी विचारत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मी कॅप्टन होतो आणि मे महिन्यात सुटीवर आलो होतो. श्रीधर त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना सैन्याच्या निवड मंडळाचे भोपाळहून बोलावणे आले होते. ही परीक्षा चार-पाच दिवस चालते. कागदी चाचण्या असतात, मुलाखत असते, आणि मैदानावर काही कामे असतात: एक फळी, एक दोर, एक जड पिंप द्यायचे आणि सबंध गटाने जमिनीला पाय न लावता अडथळा ओलांडायचा. परीक्षक बाजूला उभे राहून कोण कसा वागतो ते टिपतात. घरी त्या बोलावण्याने सुतक असल्यासारखे झाले होते. आईचा दमा वाढला होता. वडिलांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. त्यांनी मला ओसरीवर बोलावले आणि म्हणाले, "एक दिला. दुसरा नाही देत. तुझं ऐकते तो. समजावून दे त्याला."

कुसुमताईला ओसरीवरचे हे बोलणे तेवढे ठाऊक आहे आणि ती सांगते की पुढे जे झाले ते वडिलांच्या आज्ञेने झाले. मला ही सवलत नको. वडिलांनी समजाव म्हटले होते. खोटे बोल असे म्हटले नव्हते.

मी चौघांना सकाळी सरावासाठी मदनमहालच्या टेकडीखाली घेऊन गेलो. तिथे पावसाने कोरलेला, तेव्हा कोरडा असलेला एक नाला होता. फळी, दोर आणि वाळूने भरलेले डांबराचे पिंप मी आदल्या दिवशीच नेऊन ठेवले होते. वीस मिनिटांची वेळ दिली. फळी पलीकडे पोहोचत नव्हती, ती तशीच निवडली होती. तिघे एकाच वेळी बोलू लागले. श्रीधर खाली बसला आणि विती मोजून फळीचे माप घेऊ लागला. मग म्हणाला की अलीकडच्या टोकावर दोघे बसले तर फळीचे दुसरे टोक नाल्यावर तरंगत राहील, तिसरा त्यावरून जाऊन उडी मारेल. दोघे चपळ मुलगे एकामागून एक पलीकडे गेले. पिंप दोराने ओढून घेतले. उरले श्रीधर आणि तिवारी. तिवारी अंगाने भक्कम आणि घाबरलेला. त्याने फळीकडे पाहून मान हलवली.

पलीकडून एकजण ओरडला, "तिवारी पार हो गया तो समझो नर्मदा पे नया पुल बन गया."

"पुल बाद में बनाना, पहले रस्सी पकड़ो ठीक से," तिवारी म्हणाला. "घर में एक ही लड़का हूँ मैं."

श्रीधर हसला नाही. त्याने दोर तिवारीच्या कमरेला बांधला, दुसरे टोक पलीकडच्या दोघांकडे फेकले, आणि स्वतः फळीच्या टोकावर बसला. तिवारीला पुढे दोन माणसांचा दोर होता आणि मागे श्रीधरचे वजन. तो गेला. मग श्रीधरला मागे कोणीच उरले नाही. त्याने दोर परत मागवला, स्वतःभोवती बांधला, आणि स्वतःला नाल्यावर झोकून दिले. पलीकडच्या काठावर आपटून त्याचे दोन्ही गुडघे फुटले; तिघांनी त्याला दोराने वर ओढले. पण पाय जमिनीला लागला नाही. सोळा मिनिटे झाली होती. अकादमीत मला या प्रकाराला एकोणीस लागली होती.

"भैया, अब चाय पिलाओ," तिवारी मला म्हणाला. मी चौघांना चहा पाजला. मग श्रीधर आणि मी पायी घरी निघालो.

वाटेत मी त्याला सांगितले की तो निवडला जाणार नाही. तो थांबला. मी म्हणालो, "तू शेवटी राहिलास. मंडळ पहिल्याच दिवशी हे पाहतं. त्यांना पुढे जाणारा माणूस पाहिजे."

त्याने विचार केला आणि म्हणाला, "पण दादा, मागं कोणीतरी राहायलाच पाहिजे ना? नाही तर फळी उलटते."

"राहायला पाहिजे," मी म्हणालो. "पण त्याला अधिकारी करत नाहीत. तू त्या घडणीचा नाहीस, श्रीधर."

ज्याने एक दिवसही सैन्यात काढला आहे त्याला कळेल की मी काय केले. जवान जेवले की अधिकारी जेवतो. नदी ओलांडताना तुकडी आधी जाते, अधिकारी मागून. अकादमीतल्या पहिल्या महिन्यात हे शिकवतात, आणि शिकवूनही पुष्कळांना येत नाही. श्रीधरला ते कोणी शिकवले नव्हते. मी नाल्याच्या काठावर उभा राहून ते पाहिले, ओळखले, आणि त्याचेच दूषण करून त्याच्या हाती दिले.

कारण विचाराल तर आईचा दमा मी पुढे करू शकतो. तो खराच होता. परंतु ओसरीवरून उठलो तेव्हा मी श्रीधरला समजावणार होतो इतकेच. खोटे बोलण्याचे मी त्या सोळाव्या मिनिटाला ठरवले. या घराने एकच अधिकारी पाहिला होता. मी सुटीवर आलो की कमानिया गेटजवळचा हलवाई माझ्याकडून पैसे घेत नसे, आणि गल्लीतली माणसे खुर्ची पुढे करीत. माझ्याहून सरस असा दुसरा अधिकारी त्याच दारातून बाहेर पडावा, हे मला नको होते. एवढे एक वाक्य लिहायला मला चौऱ्याहत्तर वर्षांचे व्हावे लागले.

श्रीधर भोपाळला गेला नाही. त्याने तसे स्वतःच वडिलांना सांगितले. वडिलांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "बरं केलं." बाकी तिघे गेले, त्यांपैकी तिवारीची निवड झाली. तो निघाला तेव्हा श्रीधर त्याला पोहोचवायला गेला होता आणि त्याची ट्रंकही श्रीधरनेच रंगवून दिली होती, हे मला आईच्या पत्रातून कळले. ते पत्र मी उत्तर न देता ठेवून दिले.

तो बिजली बोर्डात लागला आणि छत्तीस वर्षे जबलपुरात राहिला. आईला दम्याच्या प्रत्येक हिवाळ्यातून तोच पार नेई. वडिलांच्या डोळ्यांना दिसेनासे झाल्यावर तो त्यांना रोज पेपर वाचून दाखवी. दोघांच्याही वेळी मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो; अग्नी त्यानेच दिला. जबलपूरला भूकंप झाला तेव्हा मी दूरदर्शनवर बातमी पाहत होतो आणि फोन लागत नव्हता. नंतर कळले की त्याने आपल्या उपकेंद्रावरच्या सगळ्या माणसांना घरची खबर घ्यायला पाठवून दिले, आणि इस्पितळाची विजेची लाइन चालू होईपर्यंत स्वतः एकटा तिथे उभा राहिला. मी त्याला फोनवर म्हणालो, शाबास. तो म्हणाला, "काही नाही, दादा. कोणीतरी थांबायला पाहिजे होतं." त्या क्षणी मला सांगता आले असते. मी हवामानाबद्दल विचारले.

निखिलचा मजकूर आल्यावर मी गेल्या महिन्यात जबलपूरला गेलो. सुनंदा, श्रीधरची पत्नी, अंगणात बसून मटार सोलत होती. मी खुर्ची घेतली आणि माझ्या सवयीप्रमाणे सरळ मुद्द्यावर आलो. म्हणालो, निखिलने लिहिलेले वाक्य चुकीचे आहे, ते काढायला पाहिजे.

ती म्हणाली, "ते त्याचं नाही, दादा. माझं आहे."

मग तिने सांगितले. निखिल आठवीत असताना त्याने वडिलांना विचारले होते, काकांसारखे तुम्ही काहून नाही गेले फौजेत. श्रीधर म्हणाला, "मी त्या घडणीचा नव्हतो. दादानं पाहूनच सांगितलं होतं मला." हे तो अगदी सहज म्हणाला, जसे कोणी आपली उंची सांगावी. पण मुलाचा चेहरा उतरलेला सुनंदाने पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला शाळेत सोडताना सांगितले की तुझ्या बाबांची निवड होणारच होती, आजी-आजोबांसाठी ते राहिले. "मला काय माहीत खरं काय होतं," ती म्हणाली. "लेकराला बाप पाहिजे होता. मी बनवून दिला."

तेव्हा मी तिला नाल्याची हकिगत सांगितली. सगळी सांगितली, हलवायासकट. तिचे हात चालत राहिले. शेवटी तिने विचारले, "म्हणजे ते होते त्या घडणीचे?"

"होता. चौघांत तो एकटाच होता."

तिने सोललेले दाणे तळहाताने एका बाजूला केले. मग म्हणाली, "लग्नाला जा, ऑफिसच्या फंक्शनला जा, ते मागच्या रांगेत बसत. पुढं खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. मुख्य अभियंत्याच्या जागेसाठी नाव निघालं तर दुसऱ्याचं सुचवून आले. मी किती बोलली त्यांना. मला वाटलं, स्वभाव आहे." तिने मटाराचे ताट बाजूला सरकवले. "तुम्ही दर वर्षी येत होते, दादा. दर वर्षी. याच अंगणात बसत होते. एकदा सांगता नाही आलं?"

मी आयुष्यभर लोकांची म्हणणी खोडून काढली आहेत. या वेळी मी तिने सरकवलेले ताट पुढे ओढले आणि उरलेल्या शेंगा सोलू लागलो.

"लिहा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं लिहा, तुमच्या हुद्द्यासकट. निखिलला पण तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

निखिलला मी तिथूनच फोन केला. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. माझे संपल्यावर त्याने विचारले, "बाबा शेवटपर्यंत हेच समजत होते?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "ठीक आहे. लिहून पाठवा. जसंच्या तसं छापीन." काका हा शब्द त्याने उच्चारला नाही.

म्हणून मी येथे, सैन्यात तीस वर्षे अधिकारी म्हणून सेवा केलेला माणूस या नात्याने, लिहून देतो. माझा धाकटा भाऊ श्रीधर अधिकारी होण्यास सर्वार्थाने योग्य होता. मी शेकडो तरुण अधिकारी हाताखाली घडताना पाहिले. भेदरलेल्या माणसाला पलीकडे नेण्याची त्याची रीत मला त्यांपैकी फार थोड्यांत आढळली. त्याच्याविषयी मी दिलेला निर्णय खोटा होता, आणि तो खोटा आहे हे देताना मला माहीत होते.

पूर्वी कोणी विचारले की घर कुठे, तर मी ताठ मानेने जबलपूर म्हणत असे. मला वाटे, मी गेलो तरी ते माझेच आहे, कारण तिथे माझा जन्म झाला आणि तिथली माणसे मला ओळखतात. आता कळते की मी बाहेर असताना ज्याने त्या घराला टेकू दिला, त्याच्यामुळे ते घर होते. त्याच्या मागे आता तिथे सुनंदा आहे, आणि सुटीत निखिल येईल. वर्षश्राद्धाला यावे की नाही, हे मी सुनंदाला विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही. बोलावले तर जाईन. तिथे माझ्याविषयी जी हकिगत सांगितली जाईल, ती मी ऐकून घेईन आणि तिच्यातला एक शब्दही खोडणार नाही.